रिव्हर्सच्या वेळची तान

आमच्या भिंतीपलीकडे जे गृहस्थ राहतात, त्यांना अख्खी वस्ती 'नापास' म्हणून ओळखते. हे नाव मी ठेवलं असा त्यांच्या बायकोचा आरोप आहे. आरोप खरा असल्यामुळे मी त्यावर कधी वाद घातला नाही.

साहेब ड्रायव्हिंगची परीक्षा घेतात. लायसन्सच्या कार्यालयामागे एक मैदान आहे. तिथे पांढरे पट्टे आखलेत, चार रिकामे ड्रम ठेवलेत आणि एक मुद्दाम बांधलेला चढ आहे. सव्वीस वर्षं साहेब रोज साडेनऊला तिथे पोचतात, उमेदवाराच्या शेजारी बसतात, मांडीवर पॅड ठेवतात, पेनाचं टोपण काढतात आणि दहातल्या सातांना नापास करून घरी पाठवतात. चेहरा असा की उमेदवाराने गाडी झाडावर चढवली तरी भुवई हलायची नाही. हलेल ते पेन.

पण माणूस न्यायाचा. त्यांचा एक नियम आहे आणि तो कार्यालयातल्या कुठल्याही पुस्तकात नाही: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेवढीच चूक लिहायची. एकदा ते खाली पडलेलं पेन उचलायला वाकले होते, तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि एक ड्रम गडगडत त्यांच्या खिडकीसमोरून गेला. साहेबांनी काही लिहिलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "मी धडक पाहिली नाही. ड्रम आपला आपण निघाला असेल." तो उमेदवार पास झाला. आज तो ट्रक चालवतो, आणि मी त्या रस्त्याने जात नाही.

भावना वगैरे प्रकार साहेबांना मानवत नाही. वडील गेले तेव्हा हा माणूस शववाहिनीच्या मागे उभा राहून ड्रायव्हरला सांगत होता, "डावा इंडिकेटर लागत नाहीये तुमचा." वहिनींचं मोठं ऑपरेशन होतं, स्ट्रेचरवरून त्यांना आत नेत होते. वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बायकोच्या जातीला अशा वेळी काय ऐकावंसं वाटतं हे मी सांगायला नको. साहेब वॉर्डबॉयला म्हणाले, "वळताना जरा रुंद घ्या."

"सव्वीस वर्षांत या माणसाच्या डोळ्यांत माझ्यासाठी एक थेंब आलेला नाही," हे वहिनींचं ठरलेलं वाक्य. आमची ही त्यांना धीर द्यायला म्हणते, "यांच्या डोळ्यांत रोज येतं, पण चष्मा विसरला म्हणून." हे म्हणजे मी.

आता त्या रविवारची गोष्ट. मला शिडी हवी होती. दार नुसतं लोटलेलं होतं, आतून गाणं ऐकू येत होतं, म्हणून मी हाक न मारताच शिरलो. बाहेरच्या खोलीत साहेब आरामखुर्चीत ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळतंय. पुसण्याचाही प्रयत्न नाही. छतातून गळावं तसं गळत होतं.

"काय झालं?" मी घाबरलो.

"काही नाही. शिडी मागच्या बाजूला आहे," साहेब म्हणाले. रडत रडत.

लावलेलं संगीत होतं एका घोडेवाल्या सिनेमाचं. टोप्या, पिस्तुलं, वाळवंट, त्यातलं. वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितलं की दर रविवारी अकरा वाजता हाच कार्यक्रम असतो. सिनेमाच्या शेवटी म्हणे एक म्हातारा घोडेस्वार खोगीर दुसऱ्याच्या दारात उतरवून ठेवतो, घोड्याच्या मानेवर एकदा हात फिरवतो आणि पायी निघून जातो. एवढंच. कोणी मरत नाही, कोणी काही बोलत नाही. त्या चालण्यावर ही धून आहे.

मी टिंगल करायच्या तयारीनेच उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. आधी एकटी गिटार, कोणीतरी सावकाश पायऱ्या उतरतंय अशी. मग शीळ. लांबून येणारी, आणि शीळ घालणाऱ्याला कोणी ऐकावं अशी अपेक्षाच नसलेली. मग मध्ये एक घंटा पडते. आणि सगळं थांबलं असं वाटतं न वाटतं तोच एका बाईचा आवाज उठतो. शब्द नाहीत, नुसती तान. ती वर चढते, अजून वर चढते, आणि आपल्याला वाटतं आता हिने खाली यावं, नाहीतर आपलं काही खरं नाही. माझ्या सात पिढ्यांत कोणी घोडा पाळलेला नाही. तरी त्या क्षणी मला वाटलं, माझाच घोडा कोणीतरी घेऊन गेलं. तो परदेशी संगीतकार कोण कुठला, त्याला आमच्या गल्लीचा पत्ताही माहीत नसणार. आणि इथे दोन पोक्त माणसं, एक खुर्चीत आणि एक शिडीसाठी आलेला, त्याच्या एका तानेने कामातून गेलेली.

मी शिडी न घेताच परत आलो.

ही गोष्ट मी पोटात ठेवायला हवी होती. ठेवली. सोमवार दुपारपर्यंत.

मंगळवारी काय झालं ते सांगतो. आमच्या कोपऱ्यावर ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे मास्तर आहेत. त्यांचे विद्यार्थी साहेबांच्या हातून इतके नापास व्हायचे की मास्तरांनी बोर्डावरचा 'खात्रीने' हा शब्द स्वतःच खरवडून टाकला होता. सोमवारी चहा पिताना मी त्यांना साहेबांची रविवारची अवस्था नक्कल करून दाखवली. मास्तर हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठली धून?"

मंगळवारी मास्तरांच्या गाडीत एक घाबरट पोरगी परीक्षेला बसली. पट्टा लावला, आरसा बघितला आणि पेनड्राइव्ह लावला. गिटार, शीळ, घंटा. रिव्हर्सने चौकटीत गाडी घालायची वेळ आली आणि नेमकी ती तान उठली. साहेबांनी खिडकीबाहेर मान वळवली. चौकटीत गाडी तिरकी गेली, सरळ झाली, पुन्हा तिरकी गेली. साहेबांना काय दिसणार? डोळ्यांत तळं. आणि न दिसलेली चूक लिहायची नाही हा तर नियम. कोऱ्या रकान्यांखाली सही केली. पोरगी पास.

तिला धरून पुढच्या दोन महिन्यांत मास्तरांचे एकतीस जण पास झाले. स्कूलच्या बोर्डावर 'खात्रीने' परत आलं, या वेळी लाल रंगात.

एकाने मात्र घोळ घातला. तो म्हणाला, संगीतकार तोच ना, मग कुठलंही चालेल. त्याने त्याच सिनेमातली समोरासमोर पिस्तूल रोखण्याच्या वेळची धून लावली. साहेबांच्या डोळ्यांच्या फटी झाल्या, जबडा आवळला, आणि त्या दिवशी त्यांना बारीकसारीक इतकं दिसलं की एकोणीस चुका भरल्या. विसावी मास्तरांच्या नंबरप्लेटची.

मास्तर तसे शिस्तीचे. तान बरोबर रिव्हर्सलाच पडायला हवी, चढावर पडून उपयोग नाही. म्हणून त्यांनी मुलांना धुनीच्या मापाने गाडी चालवायला बसवलं. "गिटारवर फाटकातून बाहेर. शीळ सुरू झाली की दुसरा गियर. घंटेला चढावर थांबायचं. घाई केलीस तर तान वाया गेली, समजलं का?" एकेकाकडून चाळीस-चाळीस वेळा घोटून घेतलं. चोरी करायलाही इतकी मेहनत मी कुठे पाहिली नाही.

आता वहिनी.

वहिनींची थोरली बहीण टेकडीपलीकडे राहते. दोन वर्षांपूर्वी तिची एक बाजू लुळी पडली. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि परतीची शेवटची बस साडेचारला. साहेब महिन्यातून एकदा गाडीने नेतात, बरोबर दोन तास थांबतात आणि घड्याळ बघतात. वहिनींना लायसन्स हवं होतं ते यासाठी. "ताईने हाक मारली की उठून जाता आलं पाहिजे मला. कोणाला न विचारता."

कार्यालयात दुसरे एक परीक्षक आहेत, हसून नमस्कार केला तरी पास करतात असे. पण साहेबांना वाटलं, आपल्या बायकोला ते भिडेखातर पास करतील, आणि मग ती चार लोकांच्या अंगावर गाडी घालेल. म्हणून त्यांनी वरिष्ठांकडून लेखी परवानगी काढली की बायकोची परीक्षा मीच घेईन. वरिष्ठांनी कपाळाला हात लावून अट घातली: मागच्या सीटवर एक तटस्थ साक्षीदार बसवा. साहेबांनी तटस्थ म्हणून मला नेलं. यावर आमची ही जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसली.

तीनदा मी मागे बसलो, तीनदा वहिनी नापास. एकदा हँडब्रेक, एकदा आरसा, एकदा चढावर गाडी वीतभर मागे आली. परीक्षेत साहेब त्यांना 'उमेदवार' म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "घरी अगं, आणि इथे अहो उमेदवार! एवढा मान लग्नातही दिला नव्हता." चौथ्यांदा नापास झालं की सहा महिने थांबायचं असा नियम. आणि ताईची तब्येत काही सहा महिन्यांचा भरवसा देत नव्हती.

चौथ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कुंपणापाशी वहिनींना गाठलं. म्हटलं, उपकार करावा. "वहिनी, मास्तरांकडून पेनड्राइव्ह घ्या."

"कसला?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या.

"म्हणजे ती काल मिसरूड फुटलेली पोरं गाडीत शिट्टी वाजवतात आणि हा माणूस त्यांच्यापुढे रडतो?"

"रडतात म्हणजे, डोळे भरतात."

"माझं पोट फाडायला नेत होते भाऊजी, तेव्हा नाही भरले!" ओला टॉवेल त्यांनी असा झटकला की माझा चष्मा भिजला. "मला नको तो पेनड्राइव्ह. त्या मेल्या घोड्याच्या जिवावर मी पास होणार नाही. माझी गाडी बघून करू दे काय ते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्याच गाडीत आम्ही तिघं. मास्तर कुंपणाबाहेर उभे. वहिनींनी बसल्या बसल्या प्लेअरचं बटण बंद केलं, वर त्यावर आपला रुमाल टाकला.

साहेब दोन महिन्यांच्या सवयीने क्षणभर थांबले. "सुरू करायचं?"

"तुम्ही सांगाल तेव्हा. उमेदवार तयार आहे."

गाडी निघाली ती लोण्यासारखी. पहिला, दुसरा, आरसा, इंडिकेटर. चढावर थांबल्या, हँडब्रेक, क्लच सोडला आणि गाडी इंचभरही मागे न येता वर चढली. पॅडवर एकही खूण नव्हती. मागे बसून मी मनात बहिणीच्या घरी पोचलोसुद्धा. उरलं होतं रिव्हर्स.

वहिनींनी मान मागे वळवली. जीभ दातांत, भुवया एकत्र, सगळं लक्ष मागच्या काचेतून पांढऱ्या पट्ट्यावर. मी त्यांच्या डोळ्यांसमोरच होतो, पण त्यांच्या लेखी नव्हतोच. आणि त्या तंद्रीत त्यांच्या नाकातून सूर यायला लागला. मला आधी वाटलं इंजिनाचा पट्टा वाजतोय. नाही. ती तान होती. सव्वीस वर्षं दर रविवारी स्वयंपाकघराच्या भिंतीतून ऐकलेली तान, बेसूर, जागोजागी श्वासाला तुटलेली. जिथे ती वर चढते तिथे वहिनींचा आवाज चढेना, म्हणून त्यांनी तेवढा तुकडा खालच्या पट्टीत घेतला आणि पुढे चालू ठेवला. त्या बाईसारखं काळीज चिरणारं त्यात काही नव्हतं. ताक घुसळताना बायका गुणगुणतात तसं होतं.

गाडी थांबली. वहिनी वळून म्हणाल्या, "झालं."

साहेब समोर बघत होते आणि त्यांचा शर्टाचा खिसा भिजत होता.

"अहो!" वहिनींनी प्लेअरवरचा रुमाल उचलून पाहिलं. बटण बंदच. "आता कुठे वाजतंय?"

"वहिनी, तुम्ही गात होतात," मी म्हटलं.

"मी? काहीतरीच!"

"ऐन रिव्हर्सला."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रागाने लाल झाल्या की आणखी कशाने, हे मला मागच्या सीटवरून ठरवता आलं नाही. दार उघडून उतरल्या, गाडीच्या मागे गेल्या आणि वाकल्या.

"चाक पट्ट्यावर आहे," त्या तिथूनच ओरडल्या. "लिहा."

"मी पाहिलं नाही," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग उतरा आणि बघा!"

"परीक्षा संपल्यावर पाहिलेलं धरत नाहीत. रकाने कोरे आहेत. उमेदवार पास आहे."

"मला नको तसलं पास!"

माझ्या आयुष्यात मी असं भांडण पाहिलं नाही. परीक्षक म्हणतो पास, उमेदवार म्हणते नापास. शेवटी वहिनी माझ्या खिडकीशी आल्या. "भाऊजी, तुम्ही साक्षीदार. जन्मात एकदा खरं बोला. काय दिसलं?"

माझ्या डोळ्यांसमोर टेकडीपलीकडच्या ताईचा पलंग आला. एक शब्द गिळला असता की काम झालं होतं. आणि थापा मारण्यात मी काही नवखा नाही. पण त्या बाईने अशी नजर लावली होती की थाप बाहेरच पडेना.

"मागचं डावं चाक," मी म्हटलं. "थांबतानाच पाहिलं मी खिडकीतून. दोन बोटं पट्ट्यावर."

साहेबांनी साक्षीदाराच्या रकान्यात ते लिहिलं आणि खाली 'नापास' लिहिलं. अक्षर ओलं झालं होतं. वहिनींनी पान बघितलं आणि चेहरा असा की जणू पहिला नंबर आला.

इथवर सगळं ठीक होतं. पण कुंपणाबाहेरून मास्तरांना दिसले ते फक्त साहेबांचे डोळे. ते आनंदाने धावत आले. "झालं ना वहिनी! मी म्हणत नव्हतो? तान रिव्हर्सला पडली की साहेब विरघळलेच म्हणून समजा! एकतीस झाले, तुम्ही बत्तिसाव्या!"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. सावकाश. मग मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला त्या दिवशी चालत घरी यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच वरिष्ठांना कळवलं की एकतीस परीक्षांच्या वेळी परीक्षकाला नीट दिसत नव्हतं, फेरपरीक्षा घ्याव्यात. एकतीस जणांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली. कार्यालयाच्या गाडीत, प्लेअर काढून टाकलेल्या, साहेब कोरड्या खडखडीत डोळ्यांनी बसले. आणि एकोणतीस पास झाले. साहेबांनी तीन-तीनदा पॅड तपासलं. त्यांना कळेना. मला कळत होतं: ती पोरं मनातल्या मनात गिटारीवर निघत होती आणि घंटेला थांबत होती. मास्तरांनी लबाडी शिकवता शिकवता चुकून ड्रायव्हिंग शिकवलं होतं. मास्तरांना हे कळल्यावर ते फार नाराज झाले.

वहिनींचे सहा महिने सुरू झाले. साहेब आता दर शनिवारी त्यांना टेकडीपलीकडे नेत. जाताना गाडी वहिनी चालवत, शिकाऊची पाटी लावून, साहेब शेजारी. किती वेळ थांबतात ते मी विचारलं नाही. अंधार पडल्यावर परत येतात एवढं मला खिडकीतून दिसतं.

आणि एका संध्याकाळी वहिनी एक कागद घेऊन आमच्याकडे आल्या. साहेबांनी वरिष्ठांना केलेल्या अर्जाची प्रत. विषय: पत्नीची परीक्षा घेण्यास परीक्षक असमर्थ असलेबाबत. वहिनींनी उभ्या उभ्याच मोठ्याने वाचलं: "उमेदवाराच्या आवाजाने खाली सही करणाराची दृष्टी अधू होते, व ही बाब औषधाने सुधारण्यासारखी दिसत नाही. सबब सदर परीक्षा अन्य परीक्षकांकडे सोपवावी."

वाचून झालं. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, म्हणे आमच्या हिला नीट ऐकू आलं नाही. ही तर शेजारी बसली होती.

सहा महिन्यांनी दुसऱ्या परीक्षकांकडे परीक्षा झाली. साहेब रजा टाकून आले, पण मैदानात आले नाहीत. फाटकाशी, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

"बघा की जरा," मी म्हटलं.

"पाहिलं तर सांगावं लागेल."

मग आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून नुसते इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. चढ. हँडब्रेकची करकर. "क्लच छान सोडला," साहेब पुटपुटले. मग रिव्हर्सचा तो बारीक रडका आवाज. साहेबांनी श्वास धरला. मीही धरला, उगाच. इंजिन बंद झालं. दार लागलं. वाळूवर चपला वाजत आल्या, अगदी मागे येऊन थांबल्या.

"वळा आता," वहिनी म्हणाल्या. "रकाने कोरे आहेत. बघितलंत तरी चालेल."

साहेब वळले. आधी लांबवर गाडीच्या चाकांकडे पाहिलं, चारही. मग बायकोकडे.